मेंगच्या कोपरावरची खूण

८ ऑक्टोबर. सकाळी.

राष्ट्रदिनाची आठवड्याची सुट्टी संपली, ऑफिसं उघडली. माझं इथे राहायचं परमिट २८ नोव्हेंबरला संपतंय. अर्ज महिनाभर आधी आत पडायला हवा, म्हणजे २८ ऑक्टोबर. भरपूर वेळ आहे.

संकल्प एक : यंदा सगळं मी एकटा करणार. अकरा वर्षं बायको, यालान, पुढे आणि मी मागे, नवरीच्या मागे करवली उभी असते तसा. काउंटरवरची माणसं प्रश्न मला विचारतात आणि उत्तरासाठी तिच्याकडे बघतात. बास झालं आता. शाओशिंगच्या कापडबाजारात शिफॉनमधला माणूस म्हणून माझं नाव आहे. इचलकरंजीत तर चौकात विचारा, उल्हास नेजे चीनमध्ये काय करतो ते कुणीही सांगेल.

संकल्प दोन : हेवा करायचा नाही. शेजारच्या गाळ्यातल्या याकूबला गेल्या महिन्यात तीन वर्षांचं परमिट मिळालं. येमेनचा माणूस, बायको इथलीच, लग्न माझ्यानंतरचं. मला दर खेपेला एकच वर्ष. त्याने तो पासपोर्ट गाळ्यागाळ्यातून फिरवला. मी दोनदा बघितला, अभिनंदनही केलं. फोटोत डोळे मिटल्यासारखे आलेत त्याचे. मला काही नाही त्याचं.

८ ऑक्टोबर. जेवणानंतर.

जुलैत नव्या घरी आलो, त्यामुळे पोलीस चौकी बदलली. पत्त्याची नोंद आता नव्या चौकीत करायची आणि तिची चिठ्ठी अर्जाला जोडायची. यालान म्हणाली, तिथे कोण आहे सांगू? मेंग गुओलिआंग! शाळेत सहा वर्षं एका बाकावर होतो आम्ही. आणि हसली. इतकी मोकळी ती याआधी मी स्कूटरसकट कालव्यात पडलो तेव्हा हसली होती.

नुसतं नोंदवून ठेवतोय.

१० ऑक्टोबर.

चौकीत जाऊन आलो. एकटाच जाणार होतो, पण घर यालानच्या नावावर, म्हणून तीही लागते म्हणे. नाइलाज.

मेंग. वय माझ्याएवढंच. केस सगळे जागेवर. पोट नाही. माणसाने या वयात शर्ट इतका आत खोचून फिरू नये, इतरांचाही विचार करावा.

मला बघून उभा राहिला आणि म्हणाला, या दाजी, बसा. दाजी! तो यालानपेक्षा चार महिन्यांनी लहान, म्हणून ती ताई आणि मी दाजी. इथे सगळे असंच नातं जोडून बोलतात हे मला माहीत आहे, मी काही काल आलेलो नाही. पण आमच्याकडे दाजी म्हणायचं तर आधी लग्नात नवऱ्याचा कान पिळावा लागतो. याने माझा कान पिळलेला नाही. मग दाजी कुठल्या हिशेबाने?

चिठ्ठी पाच मिनिटांत तयार. त्यानंतर दोघं अर्धा तास गावच्या बोलीत बोलत बसले. ही बोली मला निम्मी कळते. महत्त्वाचं सगळं उरलेल्या निम्म्यात असतं.

कळलं ते एवढं. इथे शाळेत मुलगा-मुलगी एका बाकावर असले की मधोमध खडूने रेष मारतात. तुझं कोपर इकडे आलं तर बघ. मेंगचं कोपर यायचंच. मग यालान कर्कटक टोचायची. मेंगने बाही वर करून खूण दाखवली. बारीक काळा ठिपका, कोपराच्या वर. म्हणाला, दाजी, ही बघा तुमच्या बायकोची सही, तीस-पस्तीस वर्षं झाली, जात नाही. यालान पोट धरून हसत होती.

मीही हसलो. घरी येऊन अंघोळीच्या वेळी सगळं अंग तपासलं. अकरा वर्षांचा संसार, आणि तिची एक खूण नाही माझ्यावर.

१३ ऑक्टोबर.

जेवताना यालानचा फोन टिंग टिंग. शाळेच्या वर्गाचा ग्रुप म्हणे. त्यात मेंगही आहे. विचारलं नाही, दिसलं. तिच्या खांद्यावरून चष्मा लावून बघितलं तर कुणालाही दिसेल.

म्हणाली, शनिवारी, १९ला, आमच्या लू सरांचा ऐंशीवा वाढदिवस करतोय सगळा वर्ग मिळून. गणिताचे सर. घरच्यांनाही आणायचंय. तू येतोस का? सर विचारत होते परदेशी जावई कसा आहे म्हणून.

मी शांतपणे म्हटलं, नको, तुमच्यात मी कशाला.

अशा वेळी बोलावतात ते आपण नाही म्हणावं म्हणूनच. मी ओळखून आहे. ऐंशीवा वाढदिवस! एवढं बिनचूक कारण खरं असूच शकत नाही.

सासूबाई भाताचा वाडगा हातात धरून माझ्याकडे बघत होत्या. म्हणाल्या, जावई, मासा थंड होतोय. त्यांचं सगळं बोलणं असंच. मासा थंड होतोय, खिडकी उघडी आहे, चप्पल उलटी पडलीय. पण आवाजात काहीतरी असतं.

१४ ऑक्टोबर.

अर्जाचं काम जोरात. दोन्ही लाल लग्नपुस्तिका सापडल्या. कुटुंब-नोंदीचं पुस्तक सासूबाईंच्या उशीखाली असतं, ते मागितलं. म्हणाल्या, ऑफिसला जायच्या दिवशी देईन, तोवर तू हरवशील. यावरून घरात माझ्याबद्दल काय बोललं जातं ते समजतं.

फोटो काढले. पहिल्या फोटोत गाल फुगल्यासारखे आले. दुसऱ्यातही. तिसऱ्या वेळी स्टुडिओतली पोरगी म्हणाली, काका, हे गाल तुमचेच आहेत.

संकल्प : पोट आत. उद्यापासून रात्री भात बंद.

१५ ऑक्टोबर.

यालानने केस कापून आणले. छान दिसते. मी तसं बोललो नाही. एवढ्यासाठी की केस १९ तारखेसाठी कापलेत आणि मी १९ तारखेला नसणार.

तो हिरवा कोटही कपाटातून बाहेर. तो मी घेऊन दिलाय. माझा कोट घालून ती मेंगसमोर बसणार.

याकूबकडे सहज विषय काढला. मित्राचा म्हणून. याकूब म्हणाला, तुझ्या मित्राला सांग, परमिट हातात पडेपर्यंत बायकोला दुखवायचं नाही, तिच्यावर शंका घ्यायची नाही, कुठे जायचं नाही, गुमान घरी झोपायचं. ती काउंटरला नाही म्हणाली तर पुढचं विमान. मग तीन वर्षांच्या परमिटवरून बोट फिरवत बसला.

मला दुखवायचं नाहीच आहे. फक्त माहिती हवी.

(भात खाल्ला. डबीतली वाळवलेली मोहरीची भाजी घालून सासूबाईंनी डुकराचं मांस शिजवलं होतं. हे भाताशिवाय खाणं हा पदार्थाचा अपमान आहे.)

१६ ऑक्टोबर.

प्लॅन तयार.

जेवण ज्या हॉटेलात आहे त्याच्या बरोबर समोर एक लॉज आहे. दुसऱ्या मजल्यावरची खोली घ्यायची. खिडकीतून समोरचं दार दिसतं, आज स्कूटरवरून जाऊन खात्री केली. घरी सांगायचं की ग्वांगचौला कापडाच्या प्रदर्शनाला जातोय. पैसे रोख द्यायचे. रोख म्हणजे माग नाही.

यालानला सांगितलं. म्हणाली, आत्ता? परमिटचं काम असताना? मी म्हटलं, धंदा आहे, धंदा कुणासाठी थांबत नाही. मग म्हणाली, थर्मास घेऊन जा, तिकडचं पाणी तुला बाधतं.

प्रेमाने म्हणाली की मला घालवायला, हे ठरवता येत नाही.

१९ ऑक्टोबर. संध्याकाळ. लॉज, दुसरा मजला.

मोहीम सुरू. काउंटरवरच्या पोरीने पासपोर्ट मागितला. मशीनवर ठेवला, पानं उलटली, मला कॅमेऱ्यात बघायला लावलं, बरंच टाइप केलं. कुठून आलात विचारलं. मी न अडखळता सांगितलं, ग्वांगचौहून. तिला तीळमात्र संशय आला नाही. हा गुण माझ्यात पहिल्यापासून आहे.

एकच माणूस का, म्हणाली. मी म्हटलं हो. तर मग मोठ्या पलंगाची देते, फुकट वाढवून. घेतली.

सहा वाजता मेंग आला. साधं जाकीट. हातात फळांची पेटी. पाठोपाठ यालान, हिरवा कोट. दारात दोघं काहीतरी बोलले, ती हसली, आत गेले. मग एक बाई, दोन पुरुष, आणखी चारपाच जण. गर्दी जमवलीय. हुशार आहेत.

आतल्या खोल्या मागच्या बाजूला निघाल्या. इथून फक्त सिगारेट ओढणारा वेटर दिसतो. त्याच्यावर लक्ष ठेवलंय.

थर्मासमधल्या पाण्यात नूडल्स केल्या. पाणी अजून कढत आहे. चांगला थर्मास आहे.

पाच मिनिटं डोळे मिटतो. जेवण असं लगेच संपत नसतं.

२० ऑक्टोबर. सकाळी.

रस्ता झाडणाऱ्याच्या आवाजाने जाग आली.

निष्कर्ष : काहीही संशयास्पद दिसलं नाही. म्हणजे सगळं झाकून केलेलं आहे.

२० ऑक्टोबर. दुपार. घरी.

येताना ग्वांगचौचे बदामी केक आणले. आमच्या कोपऱ्यावरच्या दुकानात चांगले मिळतात. सासूबाईंनी खोका उलटा केला, चष्मा लावला, दुकानाचं लेबल वाचलं. म्हणाल्या, बराच प्रवास झालाय याचा. आणि दोन खाल्ले.

यालान लू सरांबद्दल सांगत होती. मी ऐकत होतो, पण मुद्द्याचं काही नव्हतं. सर रडले, सर्वांना अजून नावाने ओळखतात, सरांना जिना उतरवत नव्हता. मेंगचं नाव तीन वेळा आलं. मी बोटांवर मोजत होतो, तिने विचारलं बोटांना काय झालं.

२१ ऑक्टोबर.

मेंगचा फोन! मला! म्हणाला, दाजी, एकदा चौकीत येऊन जा, पाच मिनिटांचं काम आहे. मी म्हटलं, माझी चिठ्ठी झालीय, काम संपलंय. म्हणाला, नाही, परत करावी लागेल. मी फोन ठेवला.

परत करावी लागेल! याला मला परत परत खुर्चीवर बसवून बाही वर करून दाखवायचीय.

२२ ऑक्टोबर.

पुन्हा फोन. उचलला नाही. पुन्हा. उचलला नाही. मग मेसेज : दाजी, घरी आलात ना? मग नोंद परत लागते. लवकर या, परमिट अडेल. ताईला मी काही बोललो नाही.

हे वाक्य मी दहा वेळा वाचलं. ताईला मी काही बोललो नाही. म्हणजे एरवी सगळं बोलतो! आणि मी घरी नव्हतो हे याला कसं कळलं? कुणी सांगितलं? यालानशिवाय कोण सांगणार?

मेंगला ब्लॉक केलं. रात्री शांत जेवलो. भात दोनदा घेतला.

२४ ऑक्टोबर.

उद्या ऑफिस. सगळे कागद प्लास्टिकच्या पाकिटात, क्रमाने. मेंगची चिठ्ठी सर्वांत वर. मेंगच्या सहीचा मला एवढाच उपयोग.

यालानला म्हटलं, तू नाही आलीस तरी चालेल. ती म्हणाली, नवरा-बायकोच्या परमिटला बायको नको? मी म्हटलं, ते एक आहेच.

सासूबाईंनी कुटुंब-नोंदीचं पुस्तक दिलं, यालानच्या हातात.

२५ ऑक्टोबर. ऑफिसच्या आवारातल्या बाकावरून.

लिहायला हवं, म्हणजे डोकं ताळ्यावर येईल.

काउंटरवर एक तरुण बाई होती, साहेबीण. कागद बघितले, ठीक आहे म्हणाली, एवढे व्यवस्थित कागद क्वचित येतात म्हणाली. मी यालानकडे बघितलं. मग साहेबिणीने कॉम्प्युटरवर काहीतरी दाबलं आणि थांबली. म्हणाली, तुम्ही आता या पत्त्यावर राहत नाही का? मी म्हटलं, राहतो की. ती म्हणाली, इथे तर तुमची शेवटची नोंद लॉजची आहे. १९ तारीख. शाओशिंग. एक माणूस, मोठा पलंग.

आणि स्क्रीन फिरवला.

पासपोर्ट मशीनवर ठेवला की लॉजवाले ती नोंद लगेच पोलिसांना पाठवतात. आमच्या हद्दीच्या चौकीला. मेंगच्या चौकीला. हे मला माहीत होतं. अकरा वर्षं माहीत आहे. प्रत्येक गावी प्रत्येक हॉटेलात होतं ते. फक्त त्या दिवशी रोखीचं एवढं डोक्यात होतं की हे राहूनच गेलं.

यालानने स्क्रीन वाचला. दोनदा वाचला. तिचं तोंड मी असं कधी बघितलेलं नाही. ओठ पांढरे. साहेबीण तिला म्हणाली, ताई, नियमाने विचारावं लागतं, तुम्ही दोघं एकत्र राहता का? यालान म्हणाली, एक मिनिट. आणि उठून पाण्याच्या मशीनकडे गेली.

त्या मिनिटात मला इचलकरंजीचं घर दिसलं. थोरल्या भावाच्या, अण्णाच्या, लूमचा खडखडाट. आणि अण्णा विचारतोय, काय रे, हाकललं का? आणि मला तिथे यालान कुठेच दिसेना. एवढं घाबरायला मला कधी झालेलं नाही.

ती कागदी पेल्यातून पाणी पीत परत आली. उभ्यानेच म्हणाली, कोण होती?

मी म्हटलं, कोणी नाही.

म्हणाली, ग्वांगचौ सांगून गावातल्या लॉजवर मोठा पलंग, आणि कोणी नाही?

मागे रांग. एक रशियन, दोन नायजेरियन, आमच्या बाजारातला एक अफगाण. सगळ्यांना इथली भाषा येते. आजच यायची होती.

मी म्हटलं, तुझ्यावर नजर ठेवत होतो. समोरच्या खिडकीतून. तुझ्यावर आणि मेंगवर.

यालान म्हणाली, मग? काय बघितलंस?

मी म्हटलं, झोप लागली.

साहेबीण कॉम्प्युटरच्या मागे खाली वाकली. तिचे खांदे हलत होते. अफगाण माझ्या पाठीवर हात ठेवून म्हणाला, भाऊ. बास, एवढंच म्हणाला.

यालानने पेला चुरगळला. म्हणाली, लिहा साहेब, एकत्र राहतो. हा माझाच नवरा आहे. बायकोवर पाळत ठेवायला जाऊन एकटा घोरत पडणारा माणूस दुसरी कोण सांभाळणार?

पण आता नोंद परत हवी, आणि घरी येऊन तपासणी हवी, दोघं खरंच एकत्र राहतात का. मग सोमवारी अर्ज. सोमवार म्हणजे २८. तपासणी कोण करणार विचारलं. साहेबीण म्हणाली, तुमच्या हद्दीचा पोलीस.

यालान स्कूटर आणायला गेलीय. मला इथे बस म्हणाली. किंवा इथेच राहा म्हणाली. नीट ऐकू आलं नाही.

२५ ऑक्टोबर. संध्याकाळी.

पुलाजवळ तिने स्कूटर थांबवली आणि न वळता म्हणाली, दर वर्षी मी त्या काचेपुढे उभी राहून एका अनोळखी माणसाला सांगते, हो, हा माझा नवरा आहे, मला हा हवा आहे. माझ्या एकाही मैत्रिणीला हे कधी सांगावं लागलेलं नाही. मी अकरा वेळा सांगितलंय, हे बारावं. तू एकदा तरी कुणाला सांगितलंस?

मी म्हटलं, मला कुणी विचारलंच नाही.

हे उत्तर बरोबर होतं, पण चुकलं.

चौकीत गेलो. मेंगने नोंद परत केली. माझ्याकडे बघून हसला नाही, हे जास्त झोंबलं. म्हणाला, दाजी, २० तारखेलाच माझ्या स्क्रीनवर आलं होतं. तीन फोन केले. माणूस आहे, काही कारण असेल, म्हणून ताईला बोललो नाही.

मग म्हणाला, तुम्ही आला असता तर बरं झालं असतं. सरांनी त्यांच्या शेजारची खुर्ची तुमच्यासाठी ठेवली होती, शेवटपर्यंत कुणाला बसू दिली नाही. तुम्हाला हिंदुस्थानातला शून्य विचारायचा होता त्यांना. शेवटी मी सरांना पाठीवर घेऊन जिना उतरलो आणि ताई त्यांचे बूट घेऊन मागे.

मी खिडकीत असतो तर हे दिसलं असतं. म्हणजे जागा असतो तर.

मेंगला अनब्लॉक केलं.

२६ ऑक्टोबर. सकाळी.

काल रात्री यालानने गाळ्यातला शिंप्याचा निळा खडू घेतला आणि पलंगावरच्या चादरीवर उशीपासून पायथ्यापर्यंत सरळ रेष मारली. पट्टी न लावता. कापडाच्या धंद्यात एवढा सरळ हात मी बघितलेला नाही. म्हणाली, तू तिकडे. कोपर इकडे आलं तर बघ.

सासूबाई दारात उभ्या होत्या. आत गेल्या आणि गंजलेला पत्र्याचा डबा घेऊन आल्या. घर बदलताना हाच डबा मी फेकायला निघालो होतो. त्यातून कर्कटक काढून लेकीला दिलं. शाळेतलं. तेच.

रात्रभर भिंतीला चिकटून झोपलो. घोरलो नाही. म्हणजे झोपलोच नाही.

२६ ऑक्टोबर. दुपार.

मेंग आला तपासणीला. युनिफॉर्ममध्ये. आमच्या घरात, आमच्या सोफ्यावर. मी चहा दिला, स्वतःच्या हाताने. अण्णाने पाठवलेलं कैरीचं लोणचं सासूबाईंनी त्याच्यापुढे ठेवलं. ते मी सणावारी काढतो. त्याने भातावर घेऊन तीन फोडी खाल्ल्या. पुन्हा मागितलं.

मग घर बघितलं. दोन टूथब्रश, दोन टॉवेल, पुरुषाच्या चपला. सासूबाईंना विचारलं, आजी, हे इथेच राहतात का? त्या म्हणाल्या, तर! भाताचा डबा बघ ना.

बेडरूममध्ये गेला आणि चादरीपुढे थांबला. निळी रेष. उशाशी कर्कटक. त्याचा हात आपोआप कोपरावर गेला. मला म्हणाला, दाजी, तुम्ही पण? आणि हसायला लागला तो काही केल्या थांबेना, यालान स्वयंपाकघरातून ओरडली, गुओलिआंग, काय झालं रे? तिचाही आवाज जरा हसल्यासारखा वाटला.

त्याने फोटो काढला. रेषेचा. म्हणाला, ताईला मी ओळखतो, परक्या माणसासाठी ती खडू वाया घालवत नाही. आणि लिहिलं, पती-पत्नी एकत्र राहतात.

मग उभा राहून नीट सरकारी आवाजात म्हणाला, नियमाने दोघांनाही विचारायचंय. यालान दारात येऊन उभी राहिली, हात ओले. मेंग म्हणाला, दाजी, तुम्हाला हिच्याबरोबर राहायचंय ना?

मी म्हटलं, हो. मोठ्याने निघालं. मग पुन्हा म्हटलं, मला हीच हवी आहे. आवाज चिरकला. लोणचं तिखट होतं.

यालानने हात पुसले आणि आत गेली. मी लोणचं खाल्लं नव्हतं हे फक्त सासूबाईंच्या लक्षात आलं. जावई, खिडकी उघडी आहे, म्हणाल्या.

२८ ऑक्टोबर.

अर्ज आत पडला. तीच साहेबीण. मला बघून पुन्हा खाली वाकली.

एकूण विचार करता, मी लॉजवर गेलो नसतो तर चौकीशी एवढे घरचे संबंध झाले नसते. धंद्यात याला दूरदृष्टी म्हणतात.

रेष अजून आहे. चादर बदलली तरी नव्या चादरीवर पुन्हा मारते.

१५ नोव्हेंबर.

पासपोर्ट आला. परमिट एक वर्ष. याकूबने बघितलं आणि म्हणाला, माझं तीन. मी म्हटलं, माझी बायको दर वर्षी सर्वांसमोर सांगते, तुझी तीन वर्षांतून एकदा. त्याने आपला पासपोर्ट खिशात टाकला. मला हे आधी सुचलं नव्हतं.

मेंग अधूनमधून येऊन बघून जाणार आहे, वर्षभर. नियम नाही, पण येणार म्हणाला. लोणच्याची बरणी निम्मी झालीय. तो, यालान आणि सासूबाई सोफ्यावर बसून गावच्या बोलीत गप्पा मारतात आणि मी चहा करतो. पुढच्या महिन्यात लू सरांकडे जायचंय, शून्य घेऊन.

१६ नोव्हेंबर. सकाळी.

काल झोपेत कोपर रेषेपलीकडे गेलं. झोपेत म्हणजे, डोळे मिटलेले होते.

टोचलं! कोपराच्या वर, मेंगची खूण आहे बरोबर त्याच जागी. जोरात. मी ओरडलो, सासूबाईंनी पलीकडून भिंत ठोकली. यालान अंधारात म्हणाली, मिळाली? आता झोप.

उठल्याबरोबर बाही वर करून आरशापुढे गेलो. काही नाही. पुसली गेलीय. मेंगची पस्तीस वर्षं टिकलीय.

आज पुन्हा कोपर टाकून बघतो.